आर्केड स्पिनरचा नॉब करून घेताना: सहा मिमी म्हणजे दोन सूत नव्हे

स्पिनर म्हणजे आर्केड व्हिडिओ गेम खेळायची, कुठेही न अडता गोल फिरत राहणारी मूठ. १९८१ चा 'टेम्पेस्ट' किंवा १९८६ चा 'अर्कनॉइड' जॉयस्टिकवर खेळून मजा येत नाही, त्यांना स्पिनरच लागतो. घरच्या पॅनेलसाठी ६०० पल्सचा ऑप्टिकल एन्कोडर (फिरणं मोजणारा, एका फेरीला ६०० सिग्नल देणारा सेन्सर) ऑनलाइन मिळतो. त्याची बॉडी ३८ मिमीची आणि शाफ्ट ६ मिमीचा असतो. नॉब मात्र सोबत येत नाही. ॲम्प्लिफायरचा प्लास्टिकचा नॉब बसवला तर टिचकी मारताच अर्ध्या फेरीत थांबतो, कारण त्याला वजनच नसतं. आवाज कमी-जास्त करायचा, टक-टक वाजत फिरणारा छोटा एन्कोडर या कामाचा नाही.

आधी हाताला विचारा

कागदावर डिझाइन काढण्याआधी घरातली झाकणं गोळा करा. पाण्याच्या बाटलीचं झाकण साधारण ३० मिमीचं असतं. त्याहून मोठी, ४० मिमीपर्यंतची दोन-तीन शोधा. टेबलावर ठेवून अंगठा आणि दोन बोटांनी फिरवून बघा. बहुतेकांचा हात ३४ ते ३८ मिमीवर स्थिरावतो. उंची २२ ते २५ मिमी ठेवा. त्याहून बुटका नॉब असेल तर बोटं पॅनेलला घासतात.

आता वजन. ३६ मिमी व्यासाचा आणि २४ मिमी उंचीचा भरीव नॉब ॲल्युमिनियमचा केला तर सुमारे ६५ ग्रॅम भरतो, पितळेचा २०० ग्रॅमच्या वर जातो. 'टेम्पेस्ट'मध्ये एका झटक्यात जाळ्याच्या कडेने पळायचं असतं, तिथे पितळ छान. 'अर्कनॉइड'मध्ये पॅडल जागच्या जागी थांबवायचं असतं, तिथे जड नॉब हाताबाहेर जातो. दोन्ही खेळायचं असेल तर ॲल्युमिनियमच बरं. व्यासाबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा: उंची आणि धातू तेच ठेवून व्यास ३६ चा ४० केला, तर डोळ्याला फरक चारच मिमीचा दिसतो, पण नॉबचं जडत्व दीडपट होतं.

लेथवर

सोलापुरात या कामासाठी लांब जायला नको. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला यंत्रमागांचे सुटे भाग करून देणारे लेथवाले आहेत. बोअर (मधलं भोक) पाडून ग्रब स्क्रूने, म्हणजे बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूने, शाफ्टवर आवळायचा जॉब त्यांना नवा नाही. घोटाळा होतो तो मापात. वर्कशॉपमध्ये बोलणं सुतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चालतं आणि "दोन सुताचा बोअर" म्हणजे पाव इंच, ६.३५ मिमी. तुमचा शाफ्ट ६ मिमीचा. हा ०.३५ मिमीचा ढिलेपणा ग्रब स्क्रू आवळला की एका बाजूला जमा होतो आणि नॉब फिरताना डोलतो. म्हणून माप तोंडी सांगू नका. कागदावर "बोअर ६.०० मिमी, रीमर मारणे" असं लिहा (रीमर म्हणजे भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) आणि एन्कोडर सोबत न्या.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. रॉड चकमध्ये धरून फेसिंग (तोंड सपाट करणं), मग बाहेरचं टर्निंग, मग नर्लिंग (पकडीसाठी दाबून उठवलेल्या रेघा), आणि त्यानंतरच ५.८ च्या ड्रिलने १६ मिमी खोल भोक पाडून ६ चा रीमर. नर्लिंगचा दाब मोठा असतो, जॉब किंचित सरकू शकतो. बोअर आधी केला असेल तर तो मध्यावर राहत नाही. हे सगळं एकाच सेटिंगमध्ये झालं पाहिजे. जॉब मध्येच काढून उलटा धरला की डोलणं आलंच. नर्लिंग सरळ रेघांचं सांगा, चौकटीचं तासाभरात बोटं सोलतं. किंवा नर्लिंग टाळून ३ मिमी जाडीच्या दोन ओ-रिंगसाठी (रबरी कड्यांसाठी) सव्वादोन मिमी खोल खाचा काढा. मे महिन्यातल्या घामेजल्या हाताला रबरच चांगलं धरतं, शिवाय उघडं ॲल्युमिनियम हात काळे करतं.

शेवटी खालच्या कडेपासून ६ मिमीवर, एकमेकांशी ९० अंशात, ३.३ मिमीची दोन भोकं बोअरपर्यंत पाडून एम-४ चा टॅप (ग्रब स्क्रूसाठी आटे). समोरासमोर नकोत: तसे स्क्रू एकमेकांविरुद्ध ढकलत बसतात, ९० अंशातले दोघं मिळून शाफ्टला बोअरच्या भिंतीवर दाबतात.

थ्रीडी प्रिंटिंग करणार असाल तर पीएलए प्लास्टिक वापरू नका. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तेवढं तापमान सहज होतं. पीईटीजी घ्या, बोअर ६.१५ ठेवा आणि स्क्रूसाठी पितळी इन्सर्ट बसवा. नुसत्या प्लास्टिकमधले आटे दुसऱ्याच आवळणीला जातात.

बसवणं

शाफ्ट जेमतेम १३ मिमीचा असल्याने १८ मिमी प्लायमधून तो वर येतच नाही. प्लायला ४५ मिमीचं भोक पाडा, वरून ३ मिमीची पट्टी स्क्रूने बसवा आणि एन्कोडर त्या पट्टीला लावा. नॉब पट्टीवर टेकता कामा नये. फट ठेवायला दोन जुनी एटीएम कार्डं एकावर एक खाली सरकवा (साधारण दीड मिमी होतात), नॉब त्यांवर टेकवा, २ मिमीच्या ॲलन-कीने स्क्रू आवळा आणि कार्डं ओढून काढा. नॉब घट्ट जात असेल तर हातोडी मारू नका, आतली नाजूक चकती तुटते. बोअरला पॉलिश पेपर फिरवा. शाफ्ट पूर्ण गोल असेल तर कानशीने छोटा सपाट भाग करा, पण बेअरिंगभोवती टेप गुंडाळून आणि शाफ्टचं तोंड खाली धरून, म्हणजे कीस आत जाणार नाही.

वायरिंग थोडक्यात: आर्डुइनो लिओनार्डो (एन्कोडर वाचून कॉम्प्युटरला कळवणारा छोटा) बोर्डावर लाल ५ व्होल्टला, काळी ग्राउंडला, हिरवी-पांढरी पिन २ आणि ३ ला, बोर्डाचे पुल-अप (मोकळी पिन ५ व्होल्टकडे ओढणारे रेझिस्टर) चालू. रंग विक्रेत्याच्या तक्त्याशी ताडून घ्या. सिग्नलची वायर चुकून थेट ५ व्होल्टला लागली तर आतला ट्रान्झिस्टर जळतो. केबलची जाळीही ग्राउंडला जोडा. एका पल्सला चार, म्हणजे एका फेरीला २४०० मोजण्या येतात, त्यामुळे पहिल्यांदा पॅडल भिंतीवर जाऊन आपटेल. मेममध्ये (MAME, जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम) टॅब दाबून ॲनालॉग कंट्रोल्समधली सेन्सिटिव्हिटी उतरवा. जोरात फिरवल्यावर पॅडल उलटं पळत असेल तर दोष नॉबचा नाही. बोर्डावरचा प्रोग्रॅम इंटरप्टवर (सिग्नल बदलताच) न वाचता लूपमध्ये (आपल्या फेरीत) वाचत असल्याने मोजण्या सुटतात.

आठवडाभर खेळून झालं की ग्रब स्क्रू एकेक करून काढा, निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे ढिले होऊ न देणाऱ्या गोंदाचा) थेंब लावून पुन्हा आवळा. कार्डं खाली घालायला विसरू नका.