मताफमध्ये तवाफ कसा करावा

मक्केतील काबागृहाभोवतीच्या ज्या मोकळ्या पटांगणात तवाफ (काबाला घालायची प्रदक्षिणा) केला जातो, त्याला मताफ म्हणतात. प्रथमच उमऱ्याला (मक्केच्या लहान यात्रेला) जाणाऱ्याने तेथे पाऊल टाकण्यापूर्वी वुजू (हात-तोंड-पाय धुऊन करायची शुद्धी) करावी आणि पुरुषाने एहरामची (यात्रेकरूच्या न शिवलेल्या वस्त्राची) चादर उजव्या काखेखालून घेऊन डाव्या खांद्यावर टाकावी. चपला पिशवीत घालून जवळ ठेवाव्यात; मताफची फरशी ग्रीसमधील थासोस बेटावरच्या पांढऱ्या संगमरवराची असून ती भर उन्हातही फारशी तापत नाही.

आरंभ हजरे अस्वदच्या, म्हणजे काबाच्या भिंतीत बसवलेल्या काळ्या दगडाच्या, कोपऱ्यापासून होतो. गर्दीत तो कोपरा दिसला नाही, तर मशिदीच्या भिंतीवरचा हिरवा दिवा शोधावा, कारण तो याच कोपऱ्याच्या समोर लावलेला आहे. त्या रेषेवर येऊन दगडाकडे हात उंचावावा, ‘बिस्मिल्लाही अल्लाहू अकबर’ म्हणावे आणि काबा डाव्या हाताला ठेवून, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, चालू लागावे. दगडाचे चुंबन सुन्नत (पैगंबरांचा प्रघात) आहे, परंतु त्यासाठी वृद्धांना आणि स्त्रियांना रेटून पुढे जाणे मला मुळीच योग्य वाटत नाही. दुरून केलेला इशारा पुरेसा असतो.

सर्वाधिक चूक हतीमपाशी होते. काबाच्या एका बाजूची ही अर्धवर्तुळाकार भिंत वाट अडवते असे समजून काही जण आतून निघतात. पण मक्केतील कुरैश टोळीने काबा पुन्हा बांधला तेव्हा निधी अपुरा पडल्यामुळे मूळ वास्तूचा काही भाग येथे बाहेर राहिला, म्हणून आतून घेतलेला फेरा धरला जात नाही आणि तो पुन्हा करावा लागतो. पुढे रुक्ने यमानीला, म्हणजे हजरे अस्वदच्या आधीच्या कोपऱ्याला, शक्य झाल्यास हात लावावा. तेथून हजरे अस्वदपर्यंत ‘रब्बना आतिना’ ही दुआ म्हणावी.

असे सात फेरे पूर्ण करावेत. त्यांपैकी पहिल्या तीन फेऱ्यांत पुरुषांनी, जागा मिळाल्यास, झपाझप चालावे. गर्दी सोसत नसेल तर बाहेरच्या कडेने किंवा वरच्या मजल्यावरून फिरावे. अंतर वाढते, पण चित्त स्थिर राहते. मध्येच जमातीची (सामूहिक) नमाज उभी राहिली, तर त्यात सामील व्हावे आणि उरलेला तवाफ नंतर पूर्ण करावा.

कोकणातील बहुतेक मुसलमान शाफई मताचे (सुन्नी धर्मशास्त्राच्या चार परंपरांपैकी एकीचे) आहेत आणि त्या मतानुसार परस्त्रीच्या किंवा परपुरुषाच्या त्वचेचा स्पर्श झाल्यास वुजू तुटते. मताफच्या गर्दीत असा स्पर्श टाळणे जवळजवळ अशक्य असल्याने, तेथे काय करावे हे निघण्यापूर्वीच आपल्या मौलानांना विचारून घ्यावे.

सातवा फेरा संपल्यावर खांदा झाकून मकामे इब्राहीमच्या (काबाजवळच्या, इब्राहीम पैगंबरांच्या पाऊलखुणांच्या शिळेच्या) मागे, अथवा मशिदीत जागा मिळेल तेथे, दोन रकात (आवर्तने) नमाज पढावी आणि जमजम विहिरीचे पाणी प्यावे.