गिट पुल केलं म्हणजे अपडेट झालं नाही: मीडियाविकीवर या चुका टाळा

मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, तेच सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर चढवून कुणी घराण्याची वंशावळ मांडतं, तर कुणी बोलीतले शब्द गोळा करतं. तयार झिप उतरवून बसवली तर फारसं अडत नाही. सोर्स कोड थेट गिटवरून, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातून, घेतला की मात्र हाती येतो तो निव्वळ मूळ कोड. लायब्ररी, स्किन (पानाचं रूप), एक्स्टेन्शन (जादा सोयी) आणि डेटाबेस त्याच्या पावलाशी पाऊल जुळवून चालतायत की नाही, हे बघणं तुमच्याकडे.

पहिली गफलत क्लोन करताना, म्हणजे कोडची नक्कल उतरवून घेतानाच, होते. शाखा (कोडची स्वतंत्र धारा) सांगितली नाही तर मास्टर ही मुख्य शाखा येते आणि ती रोज बदलते. रोजच्या वापराचा विकी तिच्यावर ठेवू नका. डिसेंबर २०२४ मध्ये आलेली १.४३ ही दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती आहे, तिचीच शाखा घ्या.

क्लोन झाल्यावर ब्राउझर तक्रार करतो की बाहेरच्या लायब्ररी नाहीत. मग बरेच जण झिपमधला व्हेंडर हा लायब्ररींचा फोल्डर उचलून इथे टाकतात. आजचं भागतं, पुढच्या अपडेटला तोच फोल्डर शिळा होऊन आडवा येतो. त्याऐवजी लायब्ररी आणून देणाऱ्या कंपोझर या प्रोग्रॅमची 'कंपोझर इन्स्टॉल' ही आज्ञा 'नो-डेव्ह' (विकसकांपुरत्या लायब्ररी वगळा) पर्याय जोडून चालवा, तेही रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून नव्हे. रूटने केलेल्या फाइलींची मालकी नंतर निस्तरत बसावी लागते. पान उघडलं पण उघडंबोडकं दिसतंय? स्किनचे फोल्डर रिकामे असणार. रिलीज शाखेत स्किन आणि सोबतची एक्स्टेन्शन सबमॉड्यूल (मुख्य कोडला जोडलेले वेगळे गिट प्रकल्प) म्हणून येतात, म्हणून 'गिट सबमॉड्यूल अपडेट'ला 'इनिट' आणि 'रिकर्सिव्ह' हे दोन्ही पर्याय द्या. वेगळी आणलेली एक्स्टेन्शनही त्याच शाखेची हवीत. १.३९ चं एक्स्टेन्शन १.४३ वर कधी चालतं, कधी सगळा विकीच पाडतं.

कंपोझरचा एक सापळा सवयीतून येतो. बऱ्याच प्रकल्पांत लॉक फाइल (लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) कोडसोबतच मिळते, तिथे पुल केल्यावर, म्हणजे नवा कोड ओढून घेतल्यावर, 'कंपोझर इन्स्टॉल' पुरतं. मीडियाविकीच्या कोडमध्ये ती नसते, पहिल्या इन्स्टॉलला तुमच्या मशीनवर तयार होते. पुढे पुल करून पुन्हा 'इन्स्टॉल' म्हटलं की कंपोझर त्या जुन्या लॉक फाइलीवर विसंबतो. इथे 'कंपोझर अपडेट' हवं, 'नो-डेव्ह'सकट.

मीडियाविकी ज्या भाषेत लिहिलाय त्या पीएचपीची आवृत्ती दोन ठिकाणी तपासा. १.४३ ला किमान ८.१ लागते. टर्मिनल ८.२ सांगतो आणि वेबसाइट ७.४ वर चालत असते, असं स्वस्तातल्या होस्टिंगवर सर्रास आढळतं.

आता बॅकअप. डेटाबेस, इमेजेस फोल्डर आणि लोकलसेटिंग्ज ही विकीच्या सेटिंगची फाइल, हे तिन्ही हवं. त्याआधी विकी केवळ वाचनासाठी ठेवा, पण ही अट ब्राउझरपुरतीच लावा. कमांड लाइनवरून आलेल्याला मुभा नसेल तर अपडेटची स्क्रिप्टच अडेल.

मराठी विकीवाल्यांनी इथे जरा थांबावं. जुन्या होस्टिंगवरून विकी हलवताना मी डेटाबेसची डम्प फाइल, म्हणजे त्यातल्या सगळ्या मजकुराची नक्कल, घेतली. दिसायला धडधाकट होती, म्हणून उघडून पाहिली नाही. नव्या सर्व्हरवर चढवली तर 'मराठी' या शब्दाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, चलनाचं चिन्ह, पुन्हा ए, पुन्हा चलन, आणि शेवटच्या वेलांटीशी चक्क जपानी येन! कारण असं, की जुनी टेबलं कागदोपत्री लॅटिन१ (एका बाइटला एक अक्षर मानणारी जुनी रोमन पद्धत) होती आणि आत बाइट यूटीएफ-८ (सगळ्या लिपी लिहिता येणारी पद्धत) चे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. डम्प घेणाऱ्या प्रोग्रॅमने प्रत्येक बाइट सुटं अक्षर समजून त्याचं पुन्हा यूटीएफ-८ केलं. इंग्रजी विकीवर हे महिनोन्महिने लक्षातही येत नाही. अशा टेबलांचा डम्प घेताना कॅरॅक्टर सेट लॅटिन१ सांगायचा, म्हणजे बाइट जसेच्या तसे बाहेर पडतात. आणि डम्प कोणताही असो, रिकाम्या डेटाबेसमध्ये चढवून दोन-चार मराठी पानं वाचून बघा.

कोड बदलला तरी टेबलांची रचना आपोआप बदलत नाही. त्यासाठी मेंटेनन्स फोल्डरमधल्या 'रन' फाइलीला 'अपडेट' सांगून चालवायचं. हे विसरलं की डेटाबेसच्या चुका दिसू लागतात आणि माणूस उगाच एक्स्टेन्शनवर संशय घेत बसतो. उडीही मोजून मारा. १.४३ वर थेट यायला निदान १.३५ हवी, त्याहून जुना विकी दोन टप्प्यांत आणा. काही बिघडलं म्हणून गिटमध्ये जुन्या आवृत्तीवर परतलात, तरी कोडच मागे जातो. बदललेली टेबलं तशीच राहतात, त्यांच्यासाठी डम्पच परत चढवावा लागतो.

पुल करताना गिटने संघर्ष, म्हणजे दोन बदलांची टक्कर, दाखवला, तर कधीतरी मूळ कोडमध्ये हात घातलाय हे नक्की. 'गिट स्टेटस' बघा आणि तो बदल लोकलसेटिंग्जमध्ये किंवा छोट्या एक्स्टेन्शनमध्ये हलवा.

सगळं करूनही पांढरं पान आलं तर अंदाज बांधू नका, पीएचपीची एरर लॉग उघडा. लॉग जुन्याच कोडच्या ओळी दाखवत असेल तर ऑपकॅश (पीएचपीने साठवून ठेवलेला तयार कोड) अजून जुनं धरून बसलाय, पीएचपी-एफपीएम ही पीएचपी चालवणारी सेवा रिस्टार्ट करा. चुकांचा तपशील पानावर दाखवणारी सेटिंग चालू केली असेल तर काम होताच बंद करा. त्याच बैठकीत, तुमच्या पत्त्यापुढे डॉट गिट (गिटच्या नोंदींचा फोल्डर) लिहून आत काही उघडतंय का, तेही बघून घ्या. उघडत असेल तर वेब सर्व्हरच्या सेटिंगमध्ये तो फोल्डर आधी बंद करा.