देशी क्लाउड घेताय? आधी बॅकअप रिस्टोर करून दाखवायला सांगा

भोसरीत आमच्यासारख्या बऱ्याच कारखान्यांचा सर्व्हर अजून अकाउंट्सच्या टेबलाखालीच असतो, गुरुवारी लाइट गेली की यूपीएस पीं-पीं करायला लागतो आणि सगळे टॅली बंद करायला पळतात. मग कोणीतरी म्हणतं, टाका की क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या सर्व्हरवर, आपलाच देशी घ्या.

देशी म्हणजे नक्की काय ते आधी ठरवा. नुसता डेटा भारतात हवाय का कंपनीपण भारतातली हवीय? कारण मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचं सेंट्रल इंडिया रीजन इथेच पुण्यात आहे, अ‍ॅमेझॉनचं एडब्ल्यूएस २०१६ पासून मुंबईत आहे, म्हणजे डेटा देशातच राहतो, पण अमेरिकन कंपनीकडे तिकडच्या सरकारला २०१८ च्या क्लाउड अ‍ॅक्टखाली डेटा मागता येतो, तो कुठेही ठेवलेला असो. हे नको असेल तर नाशिकची ईएसडीएस, पनवेलला डेटा सेंटर असलेली योट्टा, हैदराबादची कंट्रोलएस, दिल्लीकडची ई२ई अशी नावं बघा. सीएला पण एकदा विचारा, कारण कंपनीची हिशेबाची पुस्तकं कॉम्प्युटरवर असतील तर ऑगस्ट २०२२ पासून त्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर लागतो. सरकारी काम करत असाल तर मेइटीच्या (केंद्राच्या आयटी मंत्रालयाच्या) यादीत प्रोव्हायडर आहे का तेही बघा.

कोटेशन तिघांकडून घ्या आणि एकाच एक्सेल शीटमध्ये टाका. मशीनचा (म्हणजे भाड्याच्या सर्व्हरचा) रेट स्वस्त दिसतो हो, मग विंडोज आणि एसक्यूएलचं लायसन्स, पब्लिक आयपी, बॅकअप, बाहेर जाणारा डेटा असं एकेक चढत जातं. मशीन बंद ठेवलं तरी डिस्कचे पैसे लागतात का हे नक्की विचारा. जुन्या सर्व्हरला ३२ जीबी रॅम होती म्हणून इथेपण तेवढीच मागू नका, महिनाअखेरीला खरी किती लागते ते बघून मागा.

अपटाइमच्या (सर्व्हर किती वेळ चालू राहील त्या) आकड्यांना फार भुलू नका. ९९.९ टक्के म्हणजे महिन्याला साधारण ४३ मिनिटं बंद चालतं, ९९.९९ म्हणजे चारेक मिनिटं. आणि भरपाई म्हणजे बहुतेक वेळा पुढच्या बिलात थोडं क्रेडिट, तेही आपण मागितलं तर. प्रॉडक्शन लाइन दिवसभर थांबली तर ते नुकसान आपलंच.

मी फसलो ते बॅकअपमध्ये. आमच्या आधीच्या प्रोव्हायडरने रोज बॅकअप होतोय म्हणून ईमेल पाठवले, हिरवा टिक वगैरे, आणि एकदा स्टोरेजच बसलं तेव्हा कळलं की बॅकअपपण त्याच स्टोरेजवर होता, तीन दिवस चलनं हाताने लिहिली आम्ही. म्हणून आता ट्रायलमध्येच मी मुद्दाम एक फोल्डर उडवतो आणि शनिवारी रात्री तिकीट (सपोर्टकडे तक्रार) टाकतो. किती वेळात माणूस फोन उचलतो आणि फाइल खरंच परत येते का, एवढ्यावर माझा अर्धा निर्णय होतो. दुसरी कॉपी दुसऱ्या शहरात मागा, सर्व्हर पनवेलला असेल तर कॉपी हैदराबादला किंवा नोएडाला.

स्पीड ऑफिसमधून स्वतः पिंग करून बघा, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला किती वेळ लागतो ते कळतं. ब्राउझरवर चालणाऱ्या ईआरपीला (धंद्याचं सगळं काम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला) दिल्लीपण चालते, पण फाइल उघडून चालणारं जुनं सॉफ्टवेअर लांबून रडतं, ते रिमोट डेस्कटॉपने त्याच सर्व्हरवर चालवा.

सोडून जायची अट सही करायच्या आधी लेखी घ्या, म्हणजे मशीनची इमेज (अख्खी कॉपी) कुठल्या फॉरमॅटमध्ये मिळणार, डेटा बाहेर न्यायला किती लागतील, बंद केल्यावर किती दिवस ठेवणार. सायबर हल्ला झाला तर सर्ट-इनला (सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेला) ६ तासात कळवायचं असतं आणि लॉग (सर्व्हरवरच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे असतात, ते कोण करणार हेही त्याच कागदावर.

आणि टेबलाखालचा डबा लगेच भंगारात देऊ नका, एक महिनाअखेर आणि एक जीएसटी रिटर्न नव्यावरून नीट जाऊ दे.