सप्रेसर घेण्याआधी: टेक्सासमधला माझा अनुभव

मी टेक्सासमध्ये राहतो. ग्रीन कार्ड आल्यावर रायफल घेतली आणि २०२१ मध्ये पहिला सप्रेसर, म्हणजे बंदुकीच्या नळीच्या टोकाला लावायचं, आवाज कमी करणारं नळकांडं, तेव्हापासून इथल्या आपल्या मराठी मुलांचे सारखे फोन येतात, त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

आधी स्वतःचं व्हिसा स्टेटस बघा. एच-१बी (नोकरीचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्यांचा) व्हिसावर असाल तर मुळात बंदूक जवळ ठेवायलाच फेडरल कायद्याने बंदी आहे, हंटिंग लायसन्ससारखे अपवाद आहेत पण वकिलाला विचारल्याशिवाय त्या भरवशावर राहू नका. ओळखीतला एक मुलगा कलीगच्या सांगण्यावरून खरेदीला निघाला होता, त्याला मी दुकानाच्या पार्किंगमधून परत आणलाय. एवढ्यासाठी ग्रीन कार्डची लाइन पणाला लावायची नसते रे.

मग राज्य. ४२ राज्यांत सप्रेसर ठेवता येतो, पण कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स इथे नाही, म्हणजे आपली माणसं जिथे सगळ्यात जास्त तिथेच नाही! उद्या न्यू जर्सीतल्या एडिसनला किंवा कॅलिफोर्नियातल्या बे एरियात जॉब लागला तर तो सोबत नेता येणार नाही, हे घेतानाच डोक्यात ठेवा.

प्रोसेस अशी की १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली प्रत्येक सप्रेसर सीरियल नंबरसकट एटीएफकडे, म्हणजे बंदुकांचे कायदे बघणाऱ्या फेडरल खात्याकडे, रजिस्टर होतो. डीलरकडे पैसे भरायचे, फॉर्म ४ (सप्रेसर आपल्या नावावर करायचा अर्ज), फोटो, बोटांचे ठसे, आणि मंजुरी येईपर्यंत माल डीलरच्याच तिजोरीत. माझे ठसे पहिल्यांदा इतके पुसट आले की परत द्यावे लागले, हात कोरडे असतील तर आधी थोडं लोशन लावा. पहिल्या कागदी फॉर्मला मला दहा महिने लागले, दुसरा ई-फॉर्मवर काही दिवसांत झाला. सप्रेसरवरचा २०० डॉलरचा टॅक्स १ जानेवारी २०२६ पासून शून्य झालाय, पण टॅक्स गेला म्हणजे रजिस्ट्रेशन गेलं असं अजिबात नाही, नोंद नसलेला सप्रेसर सापडला तर दहा वर्षांपर्यंत तुरुंग आहे. त्यामुळे नेटवर क्लीनिंग किटच्या नावाखाली सप्रेसरसारखं जे स्वस्तात विकतात त्याच्या वाटेला जाऊ नका.

घरच्यांचं कुणी आधी सांगत नाही. सप्रेसर फक्त तुमच्या नावावर असेल आणि तुम्ही पुण्याला गेलेले असताना बायकोकडे तिजोरीचा कोड असेल, तर कायद्याच्या नजरेत तो तिच्या ताब्यात आहे असं धरलं जाऊ शकतं. म्हणून मी दुसरा सप्रेसर ट्रस्टच्या (मालकी एकापेक्षा जास्त जणांत ठेवणाऱ्या कायदेशीर व्यवस्थेच्या) नावावर घेतला, त्यात दोघंही ट्रस्टी, फक्त तिचेही फोटो आणि ठसे द्यावे लागले. मंजुरीच्या कागदाची कॉपी मी रायफलच्या बॅगेत ठेवतो. आणि भारतात न्यायचा विचारसुद्धा करू नका, अमेरिकेबाहेर न्यायलाच एक्स्पोर्ट लायसन्स लागतं.

आता आवाजाचं. सिनेमातल्यासारखं फुस्स होत नाही. .३०८ रायफलचा आवाज साधारण १६५ डेसिबल असतो, सप्रेसर त्यातले २५-३० कमी करतो, म्हणजे कानाला इजा होण्याच्या १४० च्या आसपास येतो, सुतळी बॉम्ब कानाशी न फुटता गल्लीच्या टोकाला फुटल्यासारखं. गोळी ध्वनीपेक्षा वेगात जाते त्याचा कडाका तर राहतोच, त्यामुळे इअरमफ मी काढत नाही. पण रानडुकरांच्या शिकारीत खांद्याला बसणारा धक्का कमी होतो आणि आजूबाजूच्या रँचवाल्यांना त्रास कमी, त्यासाठीच घ्यायचा.

बॅरलचे आटे आणि कॅलिबर जुळतात ना ते डीलरकडून तपासून घ्या. पहिल्या दिवशी मी अलाइनमेंट रॉड (बॅरल आणि सप्रेसर एका रेषेत आहेत का ते बघायची सळई) बॅरलमधून सरकवला तर तो सप्रेसरच्या पुढच्या भोकात स्पष्ट एका कडेला झुकलेला दिसला, आटा नीट बसलाच नव्हता. तसाच बार टाकला असता तर गोळी सप्रेसरच्या आतल्या बॅफलला (भोक असलेल्या पडद्याला) घासून हजार डॉलरचा माल फुटला असता. सप्रेसर काढून, आटे पुसून परत बसवला, रॉड मधोमध आला, तेव्हाच मॅगझिन लावलं. तेव्हापासून रेंजवर दर दहा-बारा फैरींनंतर हातमोजा घालून सप्रेसर सैल झालाय का बघतो, कारण तापलेला असतो आणि उघड्या हाताने धरला तर कातडीच निघते.