व्हाइट गोल्डची अंगठी पिवळी का पडते, आणि रोडियम करून घेताना काय बघायचं

साखरपुड्याची व्हाइट गोल्डची अंगठी वर्ष-दीड वर्षात तळव्याच्या बाजूने पिवळट दिसायला लागली की घरात पहिला संशय सराफावर जातो. बहुतेक वेळा त्याची चूक नसते. सोनं पिवळं पडलेलं नसतं, ते आतून पिवळटच होतं. झिजलाय तो वरचा मुलामा.

18 कॅरेटमध्ये 75 टक्के सोनं असतं. उरलेल्या 25 टक्क्यांत पॅलेडियम किंवा निकेल, जोडीला चांदी, जस्त, तांबं. पॅलेडियम आणि निकेल सोन्याचा पिवळेपणा मारतात, पण पुरता नाही. दुधावरच्या सायीत किंचित करडा मिसळावा तसा रंग उरतो. दुकानातल्या दिव्याखाली जो झगझगीत पांढरा दिसतो तो रोडियमचा, म्हणजे प्लॅटिनमच्या कुळातल्या एका धातूचा. हा धातू कडक आहे, पण त्याचा थर फार पातळ असतो. नुसता हात फिरवल्यासारखं काम केलं तर 0.1 ते 0.3 मायक्रॉन, अंगठीवर नीट केलं तर 0.75 ते 1 मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. रोज घातलेल्या अंगठीवर हा थर सहा महिने ते दोन वर्षं टिकतो. कानातल्यावर मात्र तोच वर्षानुवर्षं राहतो, कारण कान कशावर घासत नाहीत.

आधी अंगठीच्या आतला शिक्का भिंगाने वाचा. 18K750 किंवा 14K585 असेल तर ठीक. 22K916 असेल तर ते व्हाइट गोल्ड नव्हेच. 91.6 टक्के सोनं असताना उरलेल्या 8.4 टक्क्यांत रंग मारण्याइतका धातू बसत नाही. ते पिवळं सोनं आणि वर रोडियम. अशा दागिन्यावर झीज आली की फिकट छटा नाही, चक्क पिवळा पट्टा दिसतो. 18 कॅरेटच्या काही अंगठ्याही अशाच पिवळ्या सोन्यावर मुलामा देऊन केलेल्या असतात. घेतानाच सरळ विचारावं, 'आतलं सोनं पांढरं आहे की पिवळं?', आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावं.

शिक्का पाहून झाला की अंगठी धुवा, कारण पिवळेपणातला बराचसा भाग नुसता मळ निघू शकतो. कणीक, बेसन, क्रीम, साबणाची साय आणि मुख्य म्हणजे हळद खड्याखालच्या जाळीत जाऊन बसते. वाटीभर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून अंगठी 15 ते 20 मिनिटं भिजवा. लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने खड्याच्या खालच्या बाजूने घासा, दुसऱ्या वाटीत खळबळून मलमलच्या कापडाने टिपा. हे बेसिनच्या नळाखाली करू नका, का ते सांगायला नको. मोती, पोवळं, पाचू, ओपल असेल तर भिजवू नका, ओल्या फडक्याने पुसा. टूथपेस्ट, खायचा सोडा, लिंबू आणि तांब्या-पितळेची पावडर यांपासून लांब राहा. पहिल्या दोन गोष्टी थर खरवडतात.

धुतल्यावर अंगठी पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. खड्याच्या कोंदणाखाली हात पोचत नाही, तिथलं रोडियम शाबूत असतं, त्याच्याशी बाकीची पट्टी ताडून पाहा. झीज पहिल्यांदा तळव्याकडे दिसते: टू-व्हीलरची मूठ, सिटी बसमधला दांडा, कढईचा कान, जिमचा डंबेल. शेजारच्या बोटात दुसरी अंगठी असेल तर त्या बाजूची कडही जाते. एकाच ठिकाणी आडवी बारीक पिवळी रेघ असेल तर ती झीज नाही. माप कमी-जास्त करताना दिलेली झाळ तिथे उघडी पडली आहे. अंगठीखाली खाज किंवा चट्टा येत असेल तर बहुधा उघडं पडलेलं निकेल बाधतंय, किंवा साबणाचं पाणी साचतंय. अंगठी दोन-चार दिवस कोरडी बाजूला ठेवली की साबणाचा त्रास जातो. निकेलचा मात्र पुन्हा घातली की परत येतो.

पोहायला जाताना अंगठी घरी ठेवा आणि फरशीला ब्लीच वापरताना काढा. क्लोरीन निकेलवाल्या व्हाइट गोल्डमध्ये सूक्ष्म तडे पाडतं, आणि ते नेमके खडा धरून ठेवणाऱ्या नख्यांना पडतात. रंग परत आणता येतो, गळलेला हिरा नाही.

आता रोडियम करून घेणं. दुकान पुण्यात लक्ष्मी रोडवरचं असो की कोथरूडचं, काउंटरवर हे काम सहसा होत नाही, अंगठी कारागिराकडे जाते. म्हणून देताना चार गोष्टी तिथल्या तिथे करा: मिलिग्रॅमपर्यंत वजन, खडे मोजून चिठ्ठीवर नोंद, नख्या भिंगाखाली तपासून घेणं, आणि आतल्या शिक्क्याचा फोटो. फोटोचं महत्त्व लोकांना कळत नाही. 1 एप्रिल 2023 पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लेझरने कोरलेला असतो, आणि आतून जोरात बफ (पॉलिशचं फिरतं चाक) मारला की तो पुसट होतो. 'आतून पॉलिश हलकं' असं चिठ्ठीवर लिहायला सांगा.

कारागीर आधी जुना थर आणि चरे बफवर काढतो, मग अल्ट्रासॉनिक यंत्राने (ध्वनिलहरींनी) आणि वाफेने मळ काढतो. त्यानंतर अल्कलीच्या द्रावणात वीज देऊन तेलकटपणा काढणं, डिस्टिल्ड पाणी, सौम्य गंधकाम्लाची बुचकळी, पुन्हा पाणी. शेवटी रोडियमचं द्रावण: सहसा लिटरला 2 ग्रॅम रोडियम, 40 ते 50 अंश उष्णता, 3 व्होल्टच्या आसपास, अर्धा ते एक मिनिट. प्रत्यक्ष मुलाम्याला मिनिट पुरतं, बाकी सगळा वेळ तयारीचा. काम बिघडतं ते तयारीतच. बोटाचा तेलकट ठसा राहिला की तिथून पापुद्रा सुटतो, कोपऱ्यात पॉलिशची लुकण राहिली की तिथे डाग. व्होल्ट जास्त झाले किंवा द्रावण मळलं की रंग काळपट, धुरकट येतो. 'जाड थर द्या' म्हणून हट्ट करू नका. एक मायक्रॉनच्या फार पुढे गेलं की थराला आतूनच ताण येऊन तडे जातात.

म्हणून घाईच्या दिवसांत अंगठी टाकू नये. दसरा, धनत्रयोदशी, ऐन लग्नसराई हे दिवस टाळा. पितृपक्षात सराफकट्टा मोकळा असतो, काम निवांत होतं.

परत घेताना पुन्हा वजन करा. बफमध्ये थोडी तूट येणारच, पण ती चिठ्ठीवर दिसली पाहिजे. कोंदणाच्या आतल्या कडा आणि नख्यांची मुळं उजेडात नेऊन बघा, पिवळा ठिपका राहिला तर तिथेच राहतो. दरात फरक का असं विचाराल तर रोडियमचा भाव भलताच चढ-उताराचा आहे, 2021 मध्ये तो सोन्याच्या दहापटीच्याही वर गेला होता. फुकट रोडियमची योजना असेल तर थर किती मायक्रॉनचा, हे आधी विचारा.

दर खेपेला बफ थोडं सोनं नेतो, त्यामुळे दर सहा महिन्यांनी पळत सुटणं आम्हाला पटत नाही. बारीक नक्षीची किंवा पातळ पट्टीची अंगठी असेल तर तीन-चार खेपांत कडा बोथट होतात. तळव्याकडचा पिवळेपणा तसाही तुमच्याशिवाय कुणाला दिसत नाही, वरची बाजू उतरेपर्यंत थांबा. ही कटकटच नको असेल तर पुढची अंगठी 950 प्लॅटिनमची, म्हणजे 95 टक्के प्लॅटिनमची घ्या. तिला चरे पडतात, चमक मंदावते, पण आत-बाहेर रंग एकच.