अंगणात बहावा की गुलमोहर?

जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, तेव्हा दारात फुललेलं झाड हवंसं वाटतंच. गुलमोहर झपाट्याने वाढतो, पसरतोही छत्रीसारखा. पण मूळचा मादागास्करचा हा पाहुणा लाकडाने ठिसूळ. वळवाच्या वादळात फांद्या कडाकड मोडतात, वरवर पसरणारी मुळं ओट्याची फरशी उचलतात. घरापासून 25-30 फूट मोकळी जागा असेल तरच लावा.

लहान अंगणाला माझ्या मते बहावाच. इथलाच, आटोपशीर, पिवळ्या झुंबरांचा. वाढतो मात्र सावकाश, आणि ऐन फुलोऱ्यात पानं जेमतेम, तेव्हा सावली मागू नका. बी टणक असतं. पॉलिश पेपरवर एका बाजूने घासून रात्रभर पाण्यात भिजवा, मग पेरा. शेंगेतला गर रेचक असतो, पोरांना चघळू देऊ नका!