फ्रिट्झ की हेन्शेल? जुन्या फोटोत कसं ओळखायचं

फ्रिट्झ एक्स आणि हेन्शेल एचएस २९३ हे दुसऱ्या महायुद्धातले दोन जर्मन बॉम्ब, विमानातून सोडून रेडिओने वळवायचे. ओळखताना आधी नाकाकडे बघू नका. नवखा तिथेच फसतो. माझ्या वहीत हेन्शेल एचएस २९३ चा एक फोटो तीन वर्षं 'फ्रिट्झ एक्स' म्हणून चिकटवलेला होता. मूळ मथळाच चुकलेला, आणि मी तो डोळे मिटून उतरवून घेतला.

बॉम्बच्या पोटाखाली बघा. तिथे दुसरं, बारीक नळकांडं लटकलेलं दिसलं की तो हेन्शेल. ती रॉकेट मोटर. सोडल्यावर जेमतेम दहा सेकंद जळायची, पुढचा प्रवास तरंगत. पंख दोनच, विमानासारखे, टोकापासून टोकापर्यंत ३.१ मीटर.

फ्रिट्झला मोटर नाही. पंख चार, आखूड, अंगाच्या मधोमध. समोरून ती फुली नीट चौरस नसते, आडवी पसरलेली दिसते. शेपटीला चौकटीसारखं कडं असतं. ते दिसलं की वाद मिटला.

अँटेनावरून ओळखायला जाऊ नका. दोघांनाही 'केल-श्ट्रासबुर्ग' हीच रेडिओ यंत्रणा होती. शेपटीतला ज्योतीचा दिवाही दोघांना, कारण विमानातला माणूस त्याच ठिपक्याकडे बघत दांडी फिरवायचा.

बॉम्ब धूसर असेल तर विमान बघा. फ्रिट्झ नेणाऱ्या डॉर्नियर २१७ के-२ चे पंख मुद्दाम वाढवून २४.८ मीटर केलेले होते, साध्या २१७ चे १९. चिलखत फोडायचं तर बॉम्ब पाच-सहा किलोमीटरवरून पडायला हवा, म्हणून उंच उडायला हे लांब पंख.

फोटोत नुसतं जखमी जहाज असेल तर भोक कुठे आहे ते शोधा. (मला स्वतःला हाच भाग सगळ्यात आवडतो.) ११ सप्टेंबर १९४३ ला सालेर्नोजवळ अमेरिकेच्या 'सव्हाना' क्रूझरवर फ्रिट्झ पडला, तो तोफबुरुजाच्या छतातून आत शिरला. त्याआधी दोनच दिवस इटलीची 'रोमा' युद्धनौका असाच मार खाऊन बुडाली होती. हेन्शेलच्या पोटात चिलखतफोड बॉम्ब नव्हता, त्यामुळे त्याची शिकार बहुतेक हलकी जहाजं: त्याच वर्षी २७ ऑगस्टला ब्रिटनची छोटी युद्धनौका 'एग्रेट', २६ नोव्हेंबरला सैनिकांनी भरलेलं ब्रिटिश जहाज 'रोहना'. 'रोहना'ला तो डाव्या कुशीत लागला. त्या जहाजावरच्या खलाशांत भारतीय लोकही होते. मथळ्यात हे क्वचितच सापडतं.

एवढं बघूनही ठरत नसेल, तर नाव पेन्सिलीने लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह टाका. माझ्या त्या पानावर अजून शाईची खाडाखोड आहे.